युद्धाला नकार देणाऱ्यांचा इतिहास आणि आमच्या चावडीतली पाटी

चावडीवाचक :

कोल्हापुरात शिवाजी पेठेतील एका मित्राच्या माडीवर आमचे बारा-पंधरा जणांचे वाचनमंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसते. येत्या बैठकीत युद्धविरोधी चळवळींच्या इतिहासावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय मीच सुचवला होता, त्यामुळे आता माघार घेण्याची सोय उरलेली नाही.

विषय सुचला तो कागल तालुक्यातील माझ्या आजोळी. तिथल्या जुन्या चावडीच्या भिंतीत हातभर लांबीची एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर तिच्यावर कोरलेला आहे. दर वर्षी यात्रेच्या आधी भिंतीला चुना लागतो तेव्हा कुंचला पाटीवरूनही फिरतो, आणि त्यामुळे कोरलेल्या अक्षरांत चुना भरून आकडे आता बोटाने चाचपूनसुद्धा नीट लागत नाहीत. गेल्या दिवाळीत त्या पाटीसमोर उभा असताना मनात आले की, याच वर्षांत इंग्लंडमध्ये काही तरुण लष्करात जाण्यास नकार देऊन तुरुंगात गेले असे आपण वाचतो. मग आमच्या भागात नकार देणारे कोणीच कसे नव्हते? सगळेच आनंदाने गेले असतील, यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी अडचण मंडळातलीच आहे. आमच्या एका सभासदांचा मुलगा सध्या सीमेवर तैनात आहे. विषय जाहीर होताच त्यांनी शांतपणे विचारले, "या चळवळींनी आजवर एक तरी युद्ध थांबवले आहे का?" मला उत्तर देता आले नाही. सुरुवात कोठून करावी, नकार देणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे कोणत्या रूपात शोधावा आणि या सभासदांना प्रामाणिकपणे काय सांगावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे ही विनंती.

पंचगंगाकाठ :

सुरुवात आपण १६६० पासून करावी असे मी सुचवेन. त्या वर्षी इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी राजा दुसरा चार्ल्स याच्यापुढे, कोणत्याही कारणासाठी आम्ही शस्त्र उचलणार नाही, अशी जाहीर भूमिका मांडली. युद्ध नाकारणारे साधुसंत त्याआधीही होऊन गेले होते. परंतु एका संपूर्ण समुदायाने सत्तेला उद्देशून तसे लिहून देणे ही निराळी गोष्ट होती. नेपोलियनची युद्धे संपल्यावर १८१६ मध्ये लंडनमध्ये शांतता संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्यामागे प्रामुख्याने हीच मंडळी होती. पुढचे शतक परिषदा, ठराव आणि लवादाच्या मागण्या यांत गेले. त्यात बर्था फॉन सुटनर या ऑस्ट्रियन लेखिकेचे नाव अवश्य घ्या, कारण शांततेचे नोबेल मिळवणारी ही पहिली स्त्री (१९०५). बाकीच्या परिषदांवर मात्र फार वेळ घालवू नका, कारण १९१४ च्या ऑगस्टमध्ये ते सगळे पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. युद्धाविरुद्ध कामगारांना एकत्र आणू पाहणारा फ्रेंच समाजवादी नेता जाँ जोरेस याची ३१ जुलै १९१४ रोजी पॅरिसमधील एका कॅफेत गोळी घालून हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच बहुतेक देशांतील समाजवादी पक्ष आपापल्या सरकारांच्या मागे उभे राहिले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. ब्रिटनमध्ये जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. सद्सद्विवेकबुद्धीला पटत नसल्यास सूट मागण्याची तरतूद त्यातच होती, आणि तशी सूट मागणाऱ्यांची संख्या सुमारे १६,००० झाली. त्यांची सुनावणी स्थानिक मंडळांपुढे होत असे. मंडळावर गावातील प्रतिष्ठित व्यापारी, जमीनदार आणि शेजारी लष्कराचा एक प्रतिनिधी असायचा, आणि "जर्मन शिपाई तुमच्या बहिणीवर चालून आला तर काय कराल?" हा प्रश्न जवळजवळ ठरलेला असायचा. कोणी रुग्णवाहिका पथकात गेले, कोणी निःशस्त्र कामे पत्करली, आणि युद्धाला हातभार लावणारे कोणतेच काम करणार नाही म्हणणारे तुरुंगात गेले. अशा काही जणांना १९१६ मध्ये फ्रान्समध्ये नेण्यात आले, कारण तेथे रणभूमीचा कायदा लागू होत होता. त्यांपैकी ३५ जणांना रांगेत उभे करून गोळी घालून मृत्युदंडाची शिक्षा वाचून दाखवण्यात आली, मग वाचणारा अधिकारी क्षणभर थांबला, आणि ती शिक्षा १० वर्षांच्या सक्तमजुरीत बदलल्याचे त्याने पुढे वाचले. त्यांच्यापैकी काहींना आधी यॉर्कशरमधील रिचमंड किल्ल्याच्या कोठड्यांत ठेवले होते. तेथील चुन्याच्या भिंतींवर कैद्यांनी पेन्सिलीने लिहिलेली नावे, वचने आणि रेखाटलेली चित्रे अजून आहेत. आपल्या पाटीवरच्या चुन्याबद्दल वाचताना मला तीच भिंत आठवली.

आता त्या सभासदांच्या प्रश्नाकडे येतो. या मंडळींनी पहिले महायुद्ध एका दिवसानेही आखूड केले नाही. युद्धानंतर १९१८ च्या कायद्याने तर त्यांच्यातील अनेकांचा मताधिकार ५ वर्षांसाठी काढून घेण्यात आला. परंतु दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पुन्हा सक्ती आली तेव्हा सुमारे ६०,००० जणांनी अशीच सूट मागितली, आणि या वेळी मंडळांवर लष्कराचा प्रतिनिधी नव्हता, फ्रान्सला नेऊन शिक्षा वाचून दाखवण्याचा प्रकारही झाला नाही. पश्चिम जर्मनीने १९४९ च्या राज्यघटनेत हा नकार मूलभूत हक्क म्हणून लिहून ठेवला. हिटलरच्या राजवटीत असा नकार म्हणजे मृत्यू होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कलमाचे वजन कळते. युद्ध थांबले का, हा प्रश्न रास्त आहेच. त्याबरोबर, युद्ध चालू असताना "मी मारणार नाही" म्हणणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्नही मंडळात ठेवावा असे मला वाटते.

उजळाईवाडी :

वरील माहिती उत्तम आहे, परंतु "आपल्याकडे नकार देणारे का नव्हते" हा मूळ प्रश्न तसाच बाजूला राहिला, म्हणून लिहितो.

नकार द्यायला आधी सक्ती असावी लागते. हिंदुस्थानी लोकांवर सक्तीची भरती कधीच लादली गेली नाही. पहिल्या महायुद्धातील १३ लाखांहून अधिक आणि दुसऱ्यातील सुमारे २५ लाख माणसे कागदोपत्री स्वखुशीनेच गेली. त्या स्वखुशीत दुष्काळ, सावकार, वाटणीत आलेली अर्धा एकर कोरडवाहू जमीन आणि वरून येणारा दबाव किती होता, याची नोंद करणारे स्थानिक मंडळ मात्र आपल्याकडे नव्हते. ब्रिटनमध्ये नकाराचे कारण लिहून घेतले गेले म्हणून तो नकार इतिहासात उरला. आपल्याकडे जो भरतीच्या दिवशी रानात निघून गेला, त्याची नोंद कोणत्या वहीत सापडणार?

त्यातही सर्वांची स्थिती सारखी नव्हती. महार समाजाची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली होती, आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या नेत्यांनी सरकारकडे अर्ज केले होते. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली गेली. पुढे १९४१ मध्ये, पुन्हा युद्धाची गरज निर्माण झाल्यावर, आपल्या शेजारच्या बेळगावात महार रेजिमेंट उभारण्यात आली. ज्यांच्यासाठी पलटण म्हणजे पगार, शाळा, पेन्शन आणि गावकीच्या जाचातून सुटका होती, त्यांच्याकडून लंडनच्या क्वेकराप्रमाणे शस्त्र नाकारण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ज्याच्यासाठी दारच बंद आहे, त्याने आत जायचे नाकारायचे तरी कसे? युद्धविरोधाचा इतिहास सांगताना हा धागा सुटू देऊ नका. बहुतेक व्याख्यानांत तो सुटतो.

नकाराचे एक उदाहरण मात्र पक्के आहे, आणि ते थोडे गैरसोयीचे आहे. १९१८ मध्ये गांधीजी स्वतः खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून ब्रिटिश सैन्यासाठी रंगरूट मागत होते. काही महिन्यांपूर्वी सारामाफीच्या सत्याग्रहात ज्या शेतकऱ्यांनी त्यांच्यासाठी घरे उघडली होती, गाड्या फुकट दिल्या होत्या, त्याच शेतकऱ्यांनी या वेळी भाड्यानेसुद्धा गाडी दिली नाही. गांधीजींनीच हे आत्मचरित्रात नमूद केले आहे. अहिंसा शिकवणारा माणूस शिपाई मागतो आहे आणि अडाणी समजला जाणारा शेतकरी बैलगाडी न जुंपता त्याला उत्तर देतो आहे, यापेक्षा बोलके दृश्य आपल्या देशाच्या युद्धविरोधाच्या इतिहासात मला तरी दुसरे दिसत नाही. त्याच सुमारास मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या युद्धपरिषदेत लोकमान्यांना राजकीय हक्कांचा मुद्दा मांडू दिला नाही म्हणून ते सभेतून उठून गेले. परंतु तो विरोध अटींचा होता, युद्धाचा नव्हता.

युद्धमात्राला उघड विरोध झाला तो १९४० मध्ये. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात केली. माणसे किंवा पैसा देऊन ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला मदत करणे चूक आहे आणि सर्व युद्धांचा अहिंसक प्रतिकार करणे हाच खरा मार्ग आहे, अशा आशयाची घोषणा एकेका सत्याग्रहीने करायची आणि अटक करवून घ्यायची, असा तो प्रकार होता. पुढील काही महिन्यांत २०,००० हून अधिक लोक तुरुंगात गेले. मात्र हे सगळे शांततावादी होते असे समजू नका. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, स्वातंत्र्याचे वचन मिळाल्यास युद्धात सहकार्य करण्याची तयारी काँग्रेसने पुण्यात दाखवली होती आणि त्या मुद्द्यावर गांधीजी बाजूला झाले होते. डॉ. आंबेडकर आणि मानवेंद्रनाथ रॉय यांनी तर फॅसिझमच्या पराभवासाठी युद्धाला उघड पाठिंबा दिला. गांधीजींइतके टोकाला जाऊन सर्व युद्धे नाकारणारे काँग्रेसमध्येही मोजकेच होते.

निवृत्त पलटणवाला :

मी २४ वर्षे पायदळात काढली आहेत. आमच्याकडे शिपाई निवृत्त झाला तरी गाव त्याला 'मेजर'च म्हणते, तसा मी आमच्या गल्लीचा मेजर आहे, आणि शांततेच्या गप्पांनी मला राग येत नाही. ज्याने साथीदाराला स्ट्रेचरवरून खाली आणले आहे, त्याला युद्ध किती वाईट असते हे कोणी पुस्तकातून सांगायची गरज नसते. तुमच्या व्याख्यानात सैनिक हा केवळ बळी किंवा केवळ प्यादे म्हणून येऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे. १९१७ मध्ये शौर्यपदक मिळवलेला ब्रिटिश अधिकारी सिगफ्रिड ससून याने युद्ध मुद्दाम लांबवले जात आहे असे लेखी जाहीर केले, आणि एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या शेकडो अमेरिकन सैनिकांनी आपली पदके संसदेच्या पायऱ्यांकडे भिरकावली. या दोघांचे बोलणे सरकारांना जास्त झोंबले, कारण त्यांना भेकड म्हणता येत नव्हते.

आता माझा प्रश्न. मी रोज सकाळी महावीर उद्यानात फिरायला जातो. तेथे पोलंडच्या निर्वासितांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांचा देश दोन बाजूंनी गिळला गेला, तेव्हा "मी शस्त्र उचलणार नाही" हे उत्तर पुरेसे होते का? हे टाळून व्याख्यान दिलेत, तर सीमेवरच्या मुलाच्या वडिलांचे समाधान होणार नाही.

पंचगंगाकाठ :

मेजरसाहेब, आपला प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, आणि शांततावाद्यांनाही तो टाळता आला नव्हता. फेब्रुवारी १९३३ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देश यांसाठी लढणार नाही, असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर केला. हिटलर त्याआधी जेमतेम दहा दिवसांपूर्वी चॅन्सेलर झाला होता. त्याच वर्षी आइन्स्टाइन यांनी, जे तोवर लष्करी सेवा नाकारा असे सांगत होते, आपण बेल्जियन असतो तर आता लष्करी सेवा नाकारली नसती, असे लिहिले. पहिल्या महायुद्धाला विरोध करून १९१८ मध्ये तुरुंगात गेलेले बर्ट्रांड रसेल यांनीही दुसऱ्या महायुद्धात हिटलरविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. या लोकांनी मत बदलले हे सांगण्यात कमीपणा नाही, उलट ते सांगितलेच पाहिजे. छळछावण्यांपुढे अहिंसक प्रतिकार कसा टिकला असता, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणत्याही शांततावाद्याच्या लेखनात मिळालेले नाही.

परंतु वळिवड्याचे उदाहरण दुसऱ्या बाजूनेही पाहावे लागते. तेथे आलेल्या बहुतेकांना १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेणारे हिटलरचे सैन्य नव्हते. ती स्टालिनची राजवट होती, आणि नंतर तीच राजवट दोस्तांच्या बाजूने लढली. इराणमार्गे ही माणसे हिंदुस्थानात पोहोचली. युद्ध जिंकले गेले तेव्हा त्यांची मूळ गावे सोव्हिएत संघात गेली होती, आणि त्यामुळे अनेकांना वळिवड्याहून घरी न जाता इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे देश गाठावे लागले. त्यांनी रिकाम्या केलेल्या त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्या वस्तीचे नाव गांधीनगर पडले. आज आपण जेथे कापड खरेदीला जातो ते हेच गांधीनगर. एका युद्धाचे आणि एका फाळणीचे निर्वासित एकाच बराकीत पाठोपाठ राहिले. या छावणीवरून लढायलाच हवे होते असेही सिद्ध होते आणि जिंकूनही भागत नाही असेही दिसते. कोणत्याही एका बाजूने ती पुरावा म्हणून वापरताना माझा हात अडखळतो.

"एक तरी युद्ध थांबवले का" याला माझ्यापुरते सर्वांत ठोस उत्तर थेट युद्धाचे नाही, अणुचाचण्यांचे आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, तिच्या राखेने जपानी मच्छीमार भाजले, आणि एप्रिलमध्ये नेहरूंनी अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. पुढे लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने जगभरच्या ११,००० हून अधिक वैज्ञानिकांच्या सह्यांचा अर्ज १९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे दिला. पण लोकांना हलवले ते दुधाच्या दातांनी. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात काही डॉक्टर आणि गृहिणींनी मुलांचे पडलेले दात गोळा करायला सुरुवात केली. चाचण्यांतून उडालेले किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम गवतावर पडते, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात जाते आणि कॅल्शियमप्रमाणे हाडांत व दातांत साठते, हे त्या दातांतून मोजता आले. दात पाठवणाऱ्या मुलाला छातीवर लावायला एक बिल्ला मिळायचा. लाखो दात जमले. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्यात आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. भूमिगत चाचण्या चालूच राहिल्या, म्हणजे विजय अर्धाच होता. तरीही आपल्या मुलांच्या दातांत ते विष आज त्या प्रमाणात नाही.

याउलट १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवरील हल्ल्याविरुद्ध शेकडो शहरांत एकाच दिवशी लाखो लोक रस्त्यावर आले आणि पाच आठवड्यांच्या आत हल्ला झालाच. आपल्या मराठी माणसाचेही एक अपयश यात नोंदवा : चीनबरोबरच्या युद्धानंतर लगेच, १९६३ मध्ये, शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीहून पेकिंगकडे (आजचे बीजिंग) मैत्रीयात्रा पायी निघाली. देशात लोक चिडलेले होते, चीनने प्रवेश दिला नाही, आणि यात्रा सरहद्दीच्या अलीकडेच संपली. मला तरीही त्या यात्रेविषयी आदर वाटतो, कारण दोन्हीकडचे लोक रागावलेले असताना रस्त्याने चालणे हे घोषणा देण्यापेक्षा अवघड असते.

चावडीवाचक :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उजळाईवाडीकरांचा बैलगाडीचा प्रसंग आणि मेजरसाहेबांचा प्रश्न, या दोन्हींनी माझ्या टिपणांची मांडणी पूर्ण बदलली आहे. आता मी १६६० पासून सुरुवात करत नाही. वळिवड्यापासून करणार आहे आणि तेथून मागे जाणार आहे.

दरम्यान काल आजोळी जाऊन आलो. मामाच्या मुलाने बादलीभर पाणी आणले आणि आम्ही दोघांनी जुन्या दात घासायच्या ब्रशने पाटीच्या अक्षरांतला चुना तासभर खरवडला. मजकूर बराचसा लागला. त्यावर गेलेल्यांचा आकडा आहे, मेलेल्यांचा आकडा आहे, आणि नाव एकाचेही नाही. घरी येऊन शोधले तर कळले की, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पडलेल्यांसाठी बसऱ्याला उभारलेल्या स्मारकाच्या पट्ट्यांवरही हिंदी सैनिकांपैकी अधिकाऱ्यांचीच नावे आहेत आणि साध्या हिंदी शिपायांची प्रत्येक पलटणीमागे फक्त संख्या दिलेली आहे. रिचमंडच्या कोठडीत नकार देणाऱ्यांनी आपापली नावे पेन्सिलीने लिहिली होती, हे पंचगंगाकाठ यांचे वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळते आहे.

चावडीसमोर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी आम्ही काय करतो आहोत ते विचारले. सांगितल्यावर ते म्हणाले की, त्यांच्या चुलत आजोबांना बसऱ्याला नेले होते आणि ते परत आले नाहीत. घरात त्यांचे नाव अजून घेतात. ते नाव मी वहीत लिहून घेतले आहे. पुढच्या रविवारी आणखी दोन घरी जायचे ठरले आहे. मेजरसाहेब, आपण बैठकीला आलात तर आनंद होईल. माडीचा जिना अरुंद आहे आणि खुर्च्या चारच आहेत, त्यामुळे सतरंजीवर बसावे लागेल.